अडचणीतल्या घरांना हात देताना: धर्मग्रामातल्या छोट्या गटासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वसईकडच्या एका धर्मग्रामात (एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीत) १२ जणांचा गट जमला आहे. प्रायश्चित्तकाळातल्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या) प्रवचनानंतर सगळ्यांच्या मनात आले की आसपासच्या ओढाताणीत जगणाऱ्या कुटुंबांसाठी काहीतरी करावे. ५० घरांना धान्याचे किट द्यायचा विचार आहे. सुरुवात कशी करावी, किती द्यावे, पैसे द्यावेत की वस्तू, आणि धर्मांतराचा आळ येऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

आधी तो ५० चा आकडा सोडा. १२ जणांनी आठवड्याला १०० रुपये बाजूला काढले तर चार आठवड्यांत ४,८०० रुपये जमतात. ५० घरांत वाटले तर घरटी ९६ रुपये. म्हणजे एकदाच मोठी वर्गणी काढायची, सभागृहात रांग लावायची, फोटो काढायचे आणि पुढच्या वर्षीपर्यंत विसरून जायचे, हेच होणार. त्याच ४,८०० मध्ये तीन घरांना महिन्याला १,२०० प्रमाणे धरून ठेवता येते आणि उरलेले १,२०० अचानक उद्भवणाऱ्या गोष्टींसाठी राहतात. तीन घरे, वर्षभर, दर पंधरा दिवसांनी उंबरा ओलांडून. १२ जणांच्या गटाचा हा खरा आवाका आहे आणि तो मुळीच कमी नाही.

हा धडा जुना आहे. १६१७ साली फ्रान्समधल्या शातियों गावात व्हिन्सेंट डी पॉल धर्मगुरू होते. गावाबाहेरच्या एका घरातली सगळी माणसे आजारी पडली आहेत, पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नाही, असे त्यांना मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) आधी कळले आणि त्यांनी प्रवचनात ते सांगितले. दुपारी अर्धा गाव भाकरी, मांस घेऊन त्या वाटेला लागला. एका दिवसात इतके अन्न जमले की ते नासणार हे उघड होते, आणि चार दिवसांनी पुन्हा उपास. लोकांच्या मनात माया भरपूर आहे, तिला शिस्त नाही, हे व्हिन्सेंट यांनी तिथेच ओळखले. गावातल्या बायकांना त्यांनी पाळ्या लावून दिल्या: एका दिवशी एकीने जायचे. त्या मंडळासाठी लिहिलेल्या नियमांतली एक ओळ आजही गटाच्या पहिल्या बैठकीत वाचावी अशी आहे. ज्या आजाऱ्याजवळ घरचे कोणी आहे त्याच्याकडे आधी जा, जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जा, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येईल.

तेव्हा पहिला महिना काहीही वाटू नका. फक्त भेटी द्या. घरे कुठून शोधायची? फादर आणि सिस्टरांना माहीत असतातच, पण त्यांच्याकडे बहुतेक मागणारी माणसे पोचतात. न मागणारी घरे शाळेतल्या शिपाईमामांना, आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला ठाऊक असतात. कोणाची उधारी अचानक वाढली, कोणी दुधाची पिशवी बंद केली, हे वाण्याला कळते. मात्र त्याला नावे विचारू नका, म्हणजे तो गल्लीभर सांगणार नाही. ‘अशा घरांना आमचा फोन नंबर द्या’ एवढेच सांगा.

भेटीला नेहमी दोघांनी जायचे, त्यातली एक बाई असावी. दोघांनी जाण्याची पद्धत १८३३ पासूनची आहे. पॅरिसमध्ये विशीतल्या फ्रेडरिक ओझानाम यांनी आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी गट सुरू केला तेव्हा मूफतार वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझली रांदू यांनी त्यांना घरे दाखवली आणि गरिबाच्या घरात कसे बसायचे, काय विचारायचे ते शिकवले. त्याच गटाची पुढे व्हिन्सेंट डी पॉल संस्था झाली. दोघांनी जाण्याची कारणे अगदी व्यवहारी आहेत. एक बोलतो तेव्हा दुसरा पाहतो. पैशांबद्दल किंवा वागण्याबद्दल पुढे वाद निघाला तर साक्षीदार असतो. आणि एकट्या बाईच्या घरी एकटा पुरुष गेला तर शेजारी जे बोलतील त्याची झळ तिलाच बसते. मुलांशी कधीही बंद दाराआड एकट्याने बोलू नका. हा नियम कितीही ओळखीच्या माणसासाठी वाकवायचा नाही.

आधी फोन करून जा. रविवारच्या मिस्सेनंतर सगळे झकपक कपड्यांत घोळक्याने जाऊ नका. २० ते ३० मिनिटे पुरतात. वही समोर उघडू नका, फोटो काढू नका, मोबाइल खिशात ठेवा. लिहायचे ते बाहेर आल्यावर लिहा. आणि चहा पुढे आला तर प्या. ‘कशाला त्रास’ म्हणून तो टाळणे चांगल्या मनाच्या लोकांकडून हमखास होते. घरात साखर मोजून वापरली जाते हे दिसत असतानाही तो अर्धा कप घ्यावा, कारण तेवढ्यापुरते ते घर यजमान असते आणि तुम्ही पाहुणे. पुढचे सगळे बोलणे त्या कपावर अवलंबून असते.

‘तुम्हाला काय हवे?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत निरुपयोगी आहे. भिडस्त माणूस ‘काही नको’ म्हणतो, सरावलेला माणूस तुम्ही काय वाटता ते ओळखून तेच मागतो. त्यापेक्षा डोळे उघडे ठेवा. सिलिंडर आहे, पण स्वयंपाक चुलीवर होतो आहे का? औषधाच्या पाकिटातल्या गोळ्या दिवस सोडून घेतलेल्या दिसतात का? शाळेच्या दिवशी मूल घरी का आहे? दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, विश्वास बसल्यावर, महिन्याचा जमाखर्च एकत्र बसून मांडा.

एक नमुना घेऊ. घरात चौघे: नवरा, बायको, मुलगा, सासू. नवऱ्याला बिगारी महिन्यातून १८ दिवस मिळते, दिवसाला ७०० प्रमाणे १२,६००. बायको दोन घरची धुणीभांडी करून ४,००० आणते. जमा १६,६००. आता खर्च: खोलीचे भाडे ५,५००, वीज ९००, मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याला ९०० म्हणजे ३,६००, मुलाची फी आणि बस १,२००, सासूची बीपी-शुगरची औषधे १,४००, गॅस ९००. झाले १३,५००. हातात राहिले ३,१००, म्हणजे चौघांच्या दोन वेळच्या जेवणाला दिवसाला १०३ रुपये. त्यात नवऱ्याला ताप येऊन चार दिवस काम बुडाले की २,८०० गेले.

या घराला दहा किलो तांदूळ दिले तर काय होते? चार माणसांना माणशी ३०० ग्रॅम धान्य धरले तर महिन्याला ३६ किलो लागते. तुमचे दहा किलो आठ दिवसांत संपतात. उलट अन्नसुरक्षा योजनेत नाव असेल तर याच घराला माणशी ५ किलो, म्हणजे २० किलो धान्य रेशनवर मोफत मिळायला हवे. अंत्योदय कार्ड असेल तर घरटी ३५ किलो. मग पहिला प्रश्न तांदळाचा नसून कार्डाचा आहे. कार्ड गावाकडे आहे का? तसे असले तरी अडत नाही, ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे इथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य उचलता येते. सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी करून इथे चढवले आहे का? ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली आहे का? म्हाताऱ्या माणसांचे अंगठे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही, आणि मग त्या घराचे एक नाव गुपचूप बंद पडते. दुकानापर्यंत आजीसोबत जाऊन हे निस्तरणे हे एक सकाळचे काम आहे आणि त्याची किंमत कोणत्याही किटपेक्षा मोठी आहे.

धान्य रेशनवर मिळत असेल तर तुमचे पैसे जिथे खरी उणीव आहे तिथे घाला: डाळ, तेल, अंडी. चौघांसाठी महिन्याचा साधा हिशेब असा ठेवता येतो: तूरडाळ २ किलो, मसूर किंवा मूग १ किलो, तेल ३ लिटर, साखर दीड किलो, चहा पाव किलो, शेंगदाणे १ किलो, अंगाचे आणि कपड्याचे साबण. पैसे उरले तर अंडी. दर हलतात, पण १,२०० च्या आसपास हे बसवता येते. मीठ-मसाल्याच्या पुड्या भरून पिशवी फुगवू नका. पिशवी मोठी दिसावी म्हणून भरलेल्या गोष्टी देणाऱ्याच्या समाधानासाठी असतात.

किट की वाण्याकडे खाते? माझे मत स्पष्टपणे खात्याच्या बाजूने आहे. जवळच्या किराणा दुकानात महिन्याला १,२०० चे खाते उघडून द्या, घरची बाई तिला लागेल ते तिच्या वेळेला घेईल, शेजाऱ्यांना ती नेहमीची गिऱ्हाईक दिसेल. बायबलमध्ये शेताच्या कडा कापू नका, सरवा (कापणीनंतर पडून राहिलेली कणसे) वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या अशी आज्ञा आहे. त्यातल्या रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाज, सरवा वेचायला आलेल्या रूथबद्दल त्याच्या गड्यांना आणखी पुढचे सांगतो: पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसे गळू द्या आणि तिला धमकावू नका. रूथ स्वतः वेचते, स्वतःच्या पदरात घेते. खात्याची पद्धत त्याच्या जवळ जाते.

खात्यातही गोष्टी बिघडतात. दुकानदार थंड पेये किंवा तंबाखूची पुडी त्यात घालून देतो, किंवा रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट देत नाही. त्यावर उपाय म्हणजे दुकानदाराशी आधीच बोलून ठेवणे, दर महिन्याला चिठ्ठ्या पाहणे आणि पैसे महिनाअखेरीला चिठ्ठ्यांवरच देणे. बिस्किटाचा पुडा किंवा मुलाचे चॉकलेट दिसले तर त्याची चौकशी करू नका. गरिबाच्या घरातल्या मुलाने वाढदिवसाला क्रीम बिस्किट खाल्ले तर हिशेबात खोट येत नाही.

वरच्या नमुन्यात आणखी एक जागा आहे जिथे घराचे पैसे खरोखर वाचतात: १,४०० ची औषधे. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिथे नसतील तर डॉक्टरांकडून घटकद्रव्याच्या नावाने चिठ्ठी लिहून घेऊन जनऔषधी केंद्रात गेले की बिल बहुतेक वेळा निम्म्याच्या खाली येते. गोळी स्वतःहून बदलायची नाही, डॉक्टरांना विचारूनच. हे काम पैशांचे नाही, कोणीतरी दोन तास रांगेत उभे राहण्याचे आहे, आणि रोजंदारीवरच्या माणसाला नेमके तेच परवडत नाही.

आता कॅलेंडर. बहुतेक गट नाताळात ओततात आणि पावसाळ्यात कोरडे पडतात. डिसेंबरमध्ये एकाच घरात तीन ठिकाणांहून केक आणि किट येतात. खरी कोंडी जूनमध्ये होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे किनाऱ्यावरच्या कोळी घरांत दोन महिने आवक नाही. पावसाने बांधकामे थांबतात, बिगारी निम्म्यावर येते. त्याच महिन्यात शाळा सुरू होतात: वह्या, गणवेश, बूट, छत्री. आणि छप्पर गळते. म्हणून दर महिन्याला उरणाऱ्या राखीव पैशातला मोठा वाटा मे-जूनसाठी साठवा. ताडपत्री मेच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, पहिल्या सरीनंतर भाव चढतात आणि चांगला माल संपतो. छप्पर आधी मोजपट्टीने मोजा आणि प्रत्येक बाजूला दोन फूट जादा धरा. मापात घेतलेली ताडपत्री कडेने पाणी आत आणते. बूट मापाशिवाय आणू नका. मुलाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घ्या आणि एक माप मोठे घ्या. गणवेश शाळेच्या दुकानातूनच, नाहीतर रंगाची छटा वेगळी निघते आणि मदतीचा गणवेश कोणाचा ते वर्गाला लांबून कळते.

जुन्या कपड्यांबद्दल एकच सांगतो. जे स्वतःच्या भाच्याला द्यायला तुम्ही कचरणार नाही तेच द्या: धुतलेले, बटणे शाबूत, चेन चालणारी. ढीग लावून ‘निवडून घ्या’ म्हणू नका.

बाळंतीण, ऑपरेशन झालेली आई किंवा घरात मयत झालेले कुटुंब असेल तर पैशांपेक्षा डबा उपयोगी पडतो, आणि शातियोंची चूक नेमकी इथेच पुन्हा होते. पहिल्या दिवशी पाच डबे, चौथ्या दिवशी एकही नाही. १४ दिवसांचा तक्ता करा, एका दिवसाला एक घर, आणि प्रत्येक दिवसाला एक राखीव नाव. दुपारचा डबा साडेबारापर्यंत पोचला पाहिजे, उशिरा आलेला डबा कोणी खात नाही कारण तोवर मुलांनी मॅगी करून घेतलेली असते. आधी विचारायच्या गोष्टी चारच: किती माणसे, तिखट किती चालते, कोणाला मीठ किंवा साखर वर्ज्य आहे का, आणि घरात काय खात नाहीत. हिंदू किंवा मुसलमान शेजारी असेल आणि खात्री नसेल तर सरळ शाकाहारी द्या. भात, पातळ वरण, एक भाजी, पोळ्या: हे सोपे आणि सगळ्यांना चालणारे. सगळेच गोडाचे काहीतरी पाठवतात, ते तक्त्यात एकाकडेच ठेवा. डबे परत मिळवायच्या भानगडीत घरच्यांना घालू नका, दुसऱ्या दिवशी डबा नेणाऱ्यानेच आदल्या दिवशीचा रिकामा उचलावा. दहाव्या दिवसापासून एक दिवस आड करा. एकदम थांबवलेला डबा लोकांना टोचतो.

मोठे आजारपण हा तुमच्या १,२०० च्या राखीव रकमेचा विषय नाही. तिथे माहिती हीच मदत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पांढऱ्या (जास्त उत्पन्नाच्या) कार्डासकट सगळ्या रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. चूक होते ती क्रमात: घरचे लोक घाबरून आधी अनामत भरतात, ऑपरेशन उरकतात आणि मग योजनेचे विचारतात. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते, म्हणून दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्या टेबलापाशी जा. योजनेत न बसणारा आजार असेल तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे. तिथल्या समाजसेवकाला भेटा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जवळ ठेवा. उत्पन्नाचा दाखला आजारपण आल्यावर काढायला निघाले की उशीर होतो. तुमच्या तीन घरांचे दाखले आत्ताच काढून ठेवा. क्षयरोगी असेल तर तुमचा गट ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून त्याला दरमहा पोषण आहार देऊ शकतो. क्षयाच्या गोळ्या किमान सहा महिने चालतात, दोन महिन्यांत बरे वाटायला लागले की माणूस त्या सोडतो. दर पंधरवड्याच्या भेटीत अंडी देताना गोळ्यांचे पाकीट सहज पाहता येते.

कर्त्या माणसाचा मृत्यू झाला असेल तर फुले आणि मेणबत्त्यांचे पाहणारे पुष्कळ असतात. तुम्ही आठ दिवसांनी जा आणि मयताचे पासबुक मागा. मे-जूनच्या नोंदींत ४३६ किंवा २० रुपये कापलेले दिसतात का बघा. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, २० म्हणजे अपघाती सुरक्षा विमा. खाते उघडताना कोणीतरी सही घेतलेली असते, घरच्यांना पत्ता नसतो, आणि दोन लाखांचा दावा तसाच राहून जातो. बँकेत मृत्यूदाखला, वारसाचे आधार आणि दाव्याचा अर्ज लवकरात लवकर द्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये आहेत, विधवेसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. दोन्ही अर्ज तहसील कार्यालयात जातात.

कर्जात मात्र जपून. सावकाराचे किंवा मायक्रोफायनान्सचे हप्ते गटाने भरू नयेत. एकदा भरले की पुढचे कर्ज त्याच भरवशावर उचलले जाते आणि शेजारच्या चार घरांतही तीच अपेक्षा तयार होते. पण वसुलीवाल्याचा जाच थांबवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. हे माहीत असलेला माणूस बाईच्या शेजारी शांतपणे बसला तरी बोलण्याचा सूर बदलतो.

दारू पिणारा नवरा असलेल्या घरात रोख देऊ नका. शाळेची फी शाळेत, बिल ग्राहक क्रमांकावर, सिलिंडर थेट. ‘मग त्या घराला मदतच नको’ असे म्हणणारा एकजण प्रत्येक गटात असतो. मुलांनी बाटली उघडलेली नसते, हे त्याला सांगावे लागते. मारहाण दिसली तर नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. चांगल्या हेतूने केलेल्या असल्या बैठकांनंतर त्याच रात्री बाईला जास्त मार बसतो. तिला एकटीला विचारा, १८१ ही महिला हेल्पलाइन सांगा, मुलाला धोका असेल तर १०९८ वर तुम्हीच कळवा.

श्रद्धेच्या प्रश्नाला माझे उत्तर कडक वाटेल. पिशवीत पत्रक नाही, देवाचे चित्र नाही, ‘प्रभूची कृपा’ छापलेली चिकटपट्टी नाही. घर कोणत्या धर्माचे हे यादीत लिहूच नका. प्रार्थना करायची ती तुमच्या बैठकीत करा. घरात फक्त तेव्हाच, जेव्हा घरचे स्वतः म्हणतील. ख्रिस्ती घर असले तरी ‘मिस्सेला का येत नाही’ हे विचारायला ही भेट नाही. रोजंदारीवाला रविवारी झोपतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या परिपत्रकात निःसंदिग्ध लिहिले आहे की सेवा हे दुसरे काही साधण्याचे साधन नव्हे, प्रेम फुकट द्यायचे असते. शेजारी ‘हे का करता?’ असे विचारतील. तेव्हा लपवू नका, ‘आमचा प्रभू उपाशी माणसात भेटतो असे आम्ही मानतो’ एवढे साधेपणाने सांगा आणि विषय बदला.

पैशांची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. बैठकीच्या शेवटी एक कापडी पिशवी फिरवा, मूठ बंद करून आत घाला, कोणी किती टाकले ते कोणाला दिसू नये. ही गुप्त झोळी व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या बैठकांत आजही फिरते. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, हे प्रभूचे सांगणे इथे सोयीचेही ठरते: ज्याच्याकडे त्या आठवड्यात नाही तो लाजेने गट सोडत नाही. आठवड्याचे १०० हे सरासरीचे गणित आहे, कोणाकडून वसूल करायचा दर नव्हे. पैसे मोजताना दोघे, खात्यावर दोन सह्या, इतिवृत्तात कुटुंबाचे नाव न लिहिता फक्त क्रमांक. संत पौलही यरुशलेमेसाठी जमवलेला निधी नेताना सोबत इतर भाऊ घेत असे आणि कोणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून, असे कारणही देतो.

परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे येतील, तिथे कायदा पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी मानली जात नाही. पण त्याने कॅनडाचे नागरिकत्व घेतले असेल तर ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या गटाला ती घेता येत नाही. पाठवण्याआधी पासपोर्ट विचारा, पैसे आल्यावर नव्हे.

थांबायचे कधी? सुरुवातीलाच घराला सांगा की आपण तीन महिन्यांनी पुन्हा बसून बघू. मुलगा कामाला लागला, रेशन सुरू झाले, पेन्शन आली, की खाते १,२०० वरून ६०० वर आणा, मग बंद करा. भेटी मात्र महिन्यातून एकदा चालू ठेवा. खाते बंद झाल्यावरही तुम्ही चहाला गेलात तर पुढच्या संकटात ते घर तुम्हाला वेळेवर कळवेल. म्हातारी एकटी माणसे, दुर्धर आजारी मूल असलेली घरे यांना मुदत लावू नका.

दर सहा महिन्यांनी यादी समोर ठेवून एक गोष्ट तपासा. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्याच मंडळीत तक्रार होते की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जातात. कोणी मुद्दाम वगळले असेलच असे नाही. वाटणाऱ्यांची ओळख आपापल्या भाषेतल्या घरांशी असावी. तुमची तिन्ही घरे एकाच आळीतली, एकाच बोलीची आणि मिस्सेला पहिल्या बाकांवर बसणारी निघाली, तर चौथे घर भाड्याच्या चाळीत शोधा, जिथे नगरचे, मराठवाड्याचे किंवा झारखंडचे कुटुंब राहते आणि धर्मग्रामाच्या वहीत ज्यांचे नाव अजून चढलेले नाही.